वाचकांचे प्रश्न : २१० तासांचे चित्रण कसे लावावे?

प्रश्न : हातमागावर विणणाऱ्या एका कुटुंबाच्या दोन पिढ्यांविषयीचा माहितीपट मी चार वर्षे चित्रित करीत आहे. दोन कॅमेरे आणि स्वतंत्र ध्वनिमुद्रक यांवरचे मिळून सुमारे २१० तासांचे फुटेज नऊ हार्ड डिस्कवर विखुरलेले आहे. ‘मुलाखती’, ‘विणकाम’, ‘घर’ असे फोल्डर करून त्यांत फाइली हलवायला मी सुरुवात केली. परंतु एकच क्लिप दोन-तीन ठिकाणी बसते, असे दिसू लागल्यावर हात आखडता घेतला. संकलनाला बसण्यापूर्वी हे सारे कसे लावावे?

उत्तर : आपण थांबलात हे फार बरे झाले. वडील मागावर बसल्या बसल्या मुलाशी वाद घालत असतील, तर ते विणकाम, की मुलाखत, की घर? फाइल एका वेळी एकाच फोल्डरमध्ये राहते, तिचे अर्थ मात्र अनेक असतात. आणि संकलनात माहितीपटाचा रोख बदलला, जो बहुतेक वेळा बदलतोच, की आज केलेले विषय उद्या निरुपयोगी ठरतात. म्हणून फाइली ज्या क्रमाने कॅमेऱ्यातून आल्या त्याच क्रमाने कायमच्या ठेवाव्यात आणि विषयांची सारी मांडणी, फाइलींना हात न लावता, नोंदींत करावी.

प्रत्येक चित्रीकरण-दिवसाचा एक फोल्डर, त्यात कॅमेऱ्यानुसार आणि कार्डानुसार उपफोल्डर, एवढी रचना पुरते. दिवसाच्या नावात आधी वर्ष, मग महिना, मग तारीख लिहावी, म्हणजे फोल्डर आपोआप कालक्रमाने लागतात. ही नावे रोमन लिपीत आणि मध्ये मोकळी जागा न सोडता दिल्यास पुढे कोणतेही सॉफ्टवेअर कुरकुरत नाही. कार्डाच्या आतली फोल्डररचना जशीच्या तशी उचलावी. अनेक कॅमेरे लांब शॉट तोडून अनेक फाइलींत साठवतात आणि त्या तुकड्यांना जोडणारी माहिती शेजारच्या लहानशा फाइलींत असते. त्या निरुपयोगी समजून पुसल्या की सांध्यांवर आवाज किंवा चौकटी (फ्रेम) गळण्याची शक्यता असते. मूळ फाइलींची नावेही बदलू नयेत. कॅमेरा फाइलीच्या नावात घालतो तो आकडा बहुधा ९९९९ नंतर पुन्हा आरंभापासून सुरू होत असल्यामुळे चार वर्षांत एकच नाव अनेकदा येते हे खरे. पण दिवस, कॅमेरा आणि कार्ड ही वाट ठरलेली असली की नावांचा घोळ होत नाही. आपण ज्या फाइली आधीच हलवल्या आहेत, त्यांच्या आत चित्रीकरणाची तारीख व वेळ बहुधा नोंदलेली असते. तिच्या आधारे त्या मूळ जागी परत नेता येतील.

मात्र या सगळ्याआधी प्रती कराव्यात. १०० मेगाबिट प्रतिसेकंद या दराने चित्रित केलेला एक तास सुमारे ४५ गिगाबाइट जागा घेतो, म्हणजे सारे २१० तास चित्राचेच धरले तर ते साडेनऊ टेराबाइटच्या आसपास जातात. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांतील एक दुसऱ्या इमारतीत, हा जुना नियम येथे जसाच्या तसा लागू होतो. अनेक डिस्क एकत्र जोडून केलेली रेड व्यवस्था ही डिस्क बिघडल्यास काम चालू ठेवण्यासाठी असते; चुकून पुसलेली फाइल ती परत देत नाही, त्यामुळे तिला प्रत मानू नये. फाइली माऊसने ओढून न टाकता चेकसम, म्हणजे फाइलीतील मजकुरावरून काढलेला तपासणीचा आकडा, पडताळणाऱ्या सॉफ्टवेअरने उतरवाव्यात. मूळ आणि प्रत यांतील एक बिट जरी निराळा असला तरी ते उघड होते.

यानंतर प्रॉक्सी, म्हणजे हलक्या प्रती कराव्यात. त्यांचे नाव आणि टाइमकोड (प्रत्येक चौकटीची नोंदलेली वेळ) मूळ फाइलीप्रमाणेच राहिले पाहिजेत, कारण अखेरीस सॉफ्टवेअर त्याच आधारे मूळ फाइलींकडे परत जाते. ध्वनिमुद्रकाचा आवाज चित्राशी याच टप्प्यावर जुळवून घ्यावा. एखाद्या कॅमेऱ्याचे घड्याळ पुढे-मागे असल्यास किती मिनिटांनी, ते लिहून ठेवावे.

खरे काम इथून पुढे आहे. दिवसाला सहा तास पाहिले तरी २१० तासांना ३५ दिवस लागतात, आणि नोंदी करीत पाहिल्यास त्याच्या दुप्पट. या वेळेला पळवाट नाही. आपोआप लिप्यंतर करणारी साधने मुलाखतींसाठी उपयोगी आहेत, पण बोलीभाषेत ती अडखळतात आणि मागाच्या खडखडाटात तर शब्दच गाळतात, म्हणून ते लिप्यंतर ऐकत ऐकत दुरुस्त करावे आणि त्याला टाइमकोड जोडावा. नोंदवहीत क्लिपचे नाव, आरंभ व शेवटाचा टाइमकोड, व्यक्ती, काय दिसते, काय बोलले जाते हे रकाने तर हवेतच; मी त्यात आणखी एक रकाना आग्रहाने सुचवेन, तो पहिल्यांदा पाहताना मनात काय उमटले याचा. दहाव्या वेळी तो शॉट आपल्याला हलवणार नाही, प्रेक्षक मात्र तो पहिल्यांदाच पाहणार असतो. येथे शेरा नेमका असावा. मी स्वतः एका कामात शेकडो ठिकाणी ‘छान’ एवढेच लिहिले होते आणि सहा महिन्यांनी त्यातले काय छान होते हे शोधण्यासाठी सगळे पुन्हा पाहावे लागले. ‘सूत तुटल्यावर ती हसते, मग कॅमेऱ्याकडे पाहते’ एवढे लिहिले असते तर ती वेळ आली नसती.

शब्दांची एक यादीही आधी ठरवावी. एकाच वस्तूला ‘माग’, ‘हातमाग’ आणि ‘लूम’, किंवा एकाच व्यक्तीला ‘आजी’, ‘काकू’ आणि तिचे नाव असे तीन तऱ्हांनी लिहिले की शोध अपुरा पडतो. मराठीत ऱ्हस्व-दीर्घाची भर पडते: ‘विणकर’ शोधणाऱ्याला ‘वीणकर’ सापडत नाही.

प्रश्न : डिस्क भरत आल्या आहेत. हललेले, अंधारे, निकामी शॉट पुसून टाकावेत का? आणि माहितीपट पूर्ण झाल्यावर फुटेज कशावर ठेवावे?

उत्तर : माहितीपट पूर्ण होईपर्यंत काहीही पुसू नये. कॅमेरा खाली ठेवल्यावर सुरू राहिलेल्या अंधाऱ्या शॉटमध्ये अनेकदा त्या दिवसाचा सर्वांत मोकळा आवाज असतो. जागा हवी असल्यास प्रॉक्सी पुसाव्यात; त्या पुन्हा करता येतात.

दीर्घकाळासाठी एलटीओ टेप, म्हणजे संगणकातील माहिती साठवण्याची चुंबकीय फीत, उत्तम. आठव्या पिढीच्या टेपवर १२ आणि नवव्या पिढीच्या टेपवर १८ टेराबाइट मावतात. मात्र नवव्या पिढीचे यंत्र फक्त एकच पिढी मागचे वाचते, त्यामुळे दर काही वर्षांनी नव्या टेपवर उतरवणे ओघानेच आले. यंत्र महाग असल्याने टेप भरून देणाऱ्याकडून काम करून घेणेच बहुतेकांना परवडते. वीज न देता वर्षानुवर्षे कपाटात ठेवायला एसएसडी (चिपवर साठवणारी डिस्क) योग्य नाही. साधी हार्ड डिस्क ठेवली तरी ती अधूनमधून चालू करून चेकसम पडताळावा. नोंदवही, लिप्यंतरे आणि चित्रीकरणाची संमतिपत्रे त्याच टेपवर, साध्या मजकुराच्या किंवा पीडीएफ स्वरूपात ठेवावीत, कारण संकलनाचे सॉफ्टवेअर वीस वर्षांनी उघडेल याची खात्री कोणी देऊ शकत नाही.