वाचक विचारतात: शेण, त्यातलं पाणी आणि टेम्पोचं भाडं

प्रश्न: नमस्कार दादा, मामाचा गोरेगावला छोटा तबेला आहे, 12 म्हशी. सगळं शेण रोज पाइप मारून नाल्यात जातं, आजूबाजूचे बिल्डिंगवाले कंप्लेंट करून थकले. मामा म्हणतो गोबर गॅस बसवू, मी म्हणतो मुरबाडला आपली दोन एकर भातशेती आहे, शेण तिकडेच नेऊ. यावरून घरात भांडण चालू आहे, तुम्हीच सांगा कोण बरोबर. (जोगेश्वरीहून एक वाचक)

उत्तर: भांडण राहू दे, आधी तो पाइप बंद करा. शेण फावड्याने ओढून घमेल्यात भरायचं आणि मग उरलेली जमीन थोड्या पाण्यात धुवायची, मूत वेगळ्या नाळीतून टाकीत घ्यायचं. शेणामुताचा काला झाला की जो झणझणीत वास सुटतो ना तो अमोनिया, म्हणजे तुमच्या भाताचं नत्र (नायट्रोजन) फुकट हवेत चाललंय आणि वर शेजाऱ्यांच्या शिव्या.

आता हिशोब. म्हैस दिवसाला साधारण 15 किलो शेण देते, म्हणजे 12 म्हशींचं 180 किलो. ताज्या शेणात पाचातले चार भाग पाणी असतं, तेव्हा तुम्ही टेम्पो भरून मुरबाडला निघालात की 140 किलोच्या वर नुसतं पाणी तोट्यात वाहून नेताय, डिझेल जाळून. हे तुमचं चुकतंय.

मामाचं कुठे चुकतंय? किलोभर शेणातून साधारण 40 लिटर गॅस, म्हणजे रोजचा 7 घनमीटर, एलपीजीच्या भाषेत जवळपास 3 किलो. पाच दिवसांत एक घरगुती सिलिंडर वाचला असं ऐकून मामा खुश होणारच. पण प्लँटमध्ये शेणाइतकंच पाणी कालवावं लागतं आणि शेणाचं वजन गॅस होऊन उडून जात नाही, जे जातं ते अगदी थोडं. सकाळी 180 किलो शेण टाकलं की पलीकडून रोज साडेतीनशे लिटरच्या आसपास स्लरी, म्हणजे गॅस काढून उरलेला पातळ काला, येणार. गावात ती सरळ बांधाने शेतात सोडतात, गोरेगावात कुठे सोडणार? परत नाल्यातच! गोबर गॅसचे प्लँट बंद पडतात त्यात ही स्लरीची भानगड बऱ्याचदा असते, पण विकणारा हे कधी सांगत नाही.

तंत्र काही नवीन नाही हो, 1897 साली आपल्या माटुंग्याच्या कुष्ठरोगी आश्रमात मैल्यापासून गॅस काढून वापरत होते. जागा मात्र तेव्हा होती.

माझं मत विचाराल तर गॅस तबेल्यातच जेवढा लागतो तेवढाच काढा. भांडी धुवायला गरम पाणी, कामगारांचं जेवण, याला 2 घनमीटरचा प्लँट पुष्कळ झाला, त्याला 50 किलो शेण पुरतं. त्याची स्लरी सुक्या पाल्याच्या थरावर ओतायची, गाळून खाली आलेलं पाणी दुसऱ्या दिवशी शेण कालवायला वापरायचं, म्हणजे नळाचं पाणीही वाचलं. राहिलेल्या 130 किलोत रोज 50 किलोच्या आसपास सुका पाला, भुसा, म्हशींच्या पायाखालचा पेंढा मिसळून ढीग लावा. सोसायट्यांचे माळी पाला झाडून पोत्यात भरतात आणि मग कचरागाडीला देतात किंवा गुपचूप पेटवतात, त्यांना सांगितलं तर स्वतः आणून टाकतील. मूठभर घेऊन पिळलं तर एखाददुसरा थेंब यावा इतकीच ओल पाहिजे. ढीग आतून 55-60 डिग्रीपर्यंत तापतो, त्यातच तणाचं बी मरतं, अधूनमधून वरखाली करत राहा. दोनतीन महिन्यांत वजन निम्म्याच्याही खाली येतं, ते न्या मुरबाडला. तुमच्या दोन एकरांना पुरून उरेल, शेजाऱ्याला विका. आणि जूनच्या आधी वर ताडपत्री टाका नाहीतर पहिल्याच पावसात सगळा कस वाहून जाईल.

प्रश्न: टेरेसवरच्या कुंड्यांत तबेल्यातलं ताजं शेण घातलं, आठवड्यात मिरचीची पानं जळाली. शेण तर चांगलं असतं ना? (मुलुंड)

उत्तर: कुजलेलं चांगलं. ताजं शेण कुंडीतच कुजायला लागलं की गरम होतं, अमोनिया सोडतं, मुळं भाजतात. शिवाय ओल्या शेणात भुंगेरे अंडी घालतात, त्यातून हुमणी (भुंगेऱ्याची पांढरी अळी) आली तर मुळं खाऊन टाकेल आणि तुम्ही पाणी कमी पडलं समजून अजून पाणी घालाल. वरचं शेण काढा, भरपूर पाणी देऊन माती धुऊन घ्या. पुढच्या वेळी काळं, भुसभुशीत, वास न येणारं खत मातीच्या पाव हिस्सा एवढंच. कोंबडीखत तर ताजं अजिबात नको, त्यात नत्र शेणखताच्या कितीतरी पट.

प्रश्न: सासरे म्हणतात जीवामृत टाकलं की शेणखत, युरिया काहीच लागत नाही. खरंय का? आमची शेती शहापूरला, भात. (डोंबिवली)

उत्तर: सासऱ्यांना दुखवू नका पण हा हिशोब दाखवा. एकराच्या जीवामृतात 10 किलो शेण, 10 लिटर गोमूत्र, 2 किलो गूळ, 2 किलो बेसन आणि 200 लिटर पाणी. या सगळ्याचं मिळून नत्र होतं फार तर पाव किलो. भाताला एकरी लागतं 40 किलोच्या घरात. जीवामृत हे विरजण समजा, दुधाची जागा ते घेत नाही. चांगलं कुजलेलं शेणखत एकरी 4 टन घातलं तर त्यातून 20 किलो नत्र येतं, तेही सगळं पहिल्या वर्षी मिळत नाही, हळूहळू सुटतं. म्हणून शेणखत घाला, बांधावर गिरिपुष्प (हिरवळीच्या खताचं झाड) लावून त्याचा पाला चिखलणीत, म्हणजे लावणीआधी चिखल करताना, गाडा, जीवामृत हवं तर द्या. युरिया एकदम बंद नको, दोनतीन हंगामांत पीक बघत बघत कमी करा, सासरेही खुश आणि कोठारही रिकामं राहणार नाही.