मन बिलांत अडकलेले असताना स्तवन कसे करावे?

प्रश्न : चार महिन्यांच्या आजारपणानंतर माझे पती घरी परतले आहेत. मागील रविवारच्या उपासनेत बायबलमधील स्तोत्र ९ वाचले गेले आणि ‘संपूर्ण मनाने परमेश्वराचे स्तवन करा’ असा उपदेश झाला. परंतु गीत गाताना माझे मन औषधांच्या बिलांत आणि कर्जाच्या हप्त्यांत अडकलेले असते. हा ढोंगीपणा होय का? शिवाय महिला मंडळाने मला साक्ष देण्यास, म्हणजे देवाने आमच्यासाठी काय केले ते सर्वांसमोर सांगण्यास, सांगितले आहे. त्याच मंडळातील एका भगिनीचे पती याच आजाराने गेले. तिच्यासमोर देवाच्या कृत्यांचे वर्णन मी कोणत्या तोंडाने करावे?
— एक वाचक भगिनी, अहिल्यानगर जिल्हा

उत्तर : भगिनी, आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असे आहे. ‘मन’ म्हटले की आपण भावनेचा उमाळा गृहीत धरतो. परंतु स्तोत्रकर्त्याने वापरलेल्या ‘लेव’ या इब्री (हिब्रू) शब्दात भावनेबरोबरच विचार, निर्णय आणि स्मरण यांचाही समावेश होतो. म्हणून बिलांची चिंता करणारे मन हे स्तवन करणाऱ्या मनापासून वेगळे काढून दाराबाहेर ठेवण्याची वस्तू नव्हे. ‘संपूर्ण’ याचा अर्थ उचंबळून आलेले असा नसून दुभंगलेले नाही असा आहे, आणि असे मनदेखील मागूनच घ्यावे लागते. स्तोत्र ८६:११ मध्ये भक्त आपले चित्त एकाग्र करण्याची विनवणी देवालाच करतो.

आता ते नववे स्तोत्र पहिल्या वचनापाशी न थांबता पुढे वाचून पाहावे. मी स्तवन करीन, वर्णन करीन, हर्ष करीन, गाईन, ही आरंभीची चारही विधाने मूळ भाषेत ‘आलेफ’ या पहिल्या अक्षराने सुरू होतात, कारण हे वर्णमालेच्या क्रमाने रचलेले काव्य आहे. मात्र तेराव्या वचनात तोच गाणारा ‘माझ्यावर दया कर, माझे क्लेश पाहा’ अशा आशयाची हाक मारतो. वर्णमालेचा हा क्रम, मध्ये काही अक्षरे गळाली असली तरी, दहाव्या स्तोत्रात पुढे चालू राहतो, आणि जुन्या ग्रीक भाषांतरात तर ही दोन्ही मिळून एकच स्तोत्र आहे. त्या दहाव्याचा आरंभ कशाने होतो? हे परमेश्वरा, तू दूर का उभा राहतोस, या प्रश्नाने! उपासनेत आपण बहुधा पहिली दोन वचने वाचून पुस्तक मिटतो आणि मग आपल्यासारख्यांना स्वतःचे मन खोटे वाटू लागते. हा दोष, माझ्या मते, आम्हा वाचून दाखविणाऱ्यांचा आहे.

साक्षीचा प्रश्न अधिक नाजूक आहे. ‘वर्णन करीन’ यासाठी जे इब्री क्रियापद आहे, त्याच धातूचा मूळ अर्थ मोजणे असा आहे. झालेले एकेक करून मोजून सांगावे, त्यात भर घालू नये. आमच्या मंडळ्यांत (चर्चमध्ये) साक्षीचा एक साचा पडून गेला आहे : संकट आले, आम्ही विश्वासाने प्रार्थना केली, म्हणून देवाने वाचविले. यातील ‘म्हणून’ हा शब्दच त्या भगिनीच्या काळजाला घरे पाडील, कारण तिनेही प्रार्थना केली होती. तेव्हा आपले पती का वाचले याचे कारण सांगण्याच्या भरीस पडू नये. रक्त कोणी दिले, रात्री दवाखान्यात कोण बसले, घरी मुलांना कोणी जेवू घातले, कोणत्या दिवशी त्यांनी स्वतःच्या हाताने पहिला घास घेतला, एवढे सांगून देवाचे आभार मानावेत. आपल्याला प्रश्न पडले असतील, तर तेही लपवू नयेत.

याच स्तोत्राच्या तेराव्या आणि चौदाव्या वचनांत दोन द्वारे समोरासमोर ठेवली आहेत. मृत्यूच्या द्वारांतून उचलून घेतलेला माणूस सियोनकन्येच्या, म्हणजे यरुशलेम नगरीच्या, द्वारांत देवाची स्तुती वर्णन करू इच्छितो, आणि तिथेही तेच मोजून सांगण्याचे क्रियापद आले आहे. नगराचे द्वार म्हणजे आपल्याकडील वेस. न्यायनिवाडा आणि देवघेव तिथेच चाले, म्हणजे सुखी माणसांबरोबर गाऱ्हाणे घेऊन आलेलाही ते वर्णन ऐकत असणार. दीनांचा आक्रोश देव विसरत नाही, असे बारावे वचन म्हणते; त्या भगिनीचे नाव न घेता हे वचन आपण मंडळात अवश्य वाचावे.

तथापि मंडळाच्या सभेआधी आपण तिच्या घरी जावे. मार्क ५:१९ मध्ये बऱ्या झालेल्या माणसाला प्रभू येशूने प्रथम त्याच्या घरी, त्याच्या माणसांकडेच पाठविले होते. जुन्या करारातील लेवीय ७:१५ प्रमाणे उपकारस्तुतीच्या अर्पणाचे मांस त्याच दिवशी संपवावे लागे, आणि एका कुटुंबाला ते एकट्याने संपणे कठीणच. शेजाऱ्यांना पानावर बोलावल्यावाचून गत्यंतर नसावे, असे मला वाटते. आपणही डबा घेऊन जा, तिच्याजवळ बसा, आणि साक्ष देऊ की नको हे तिलाच विचारा. तिने ‘इतक्यात नको’ म्हटले, तर मंडळाला पुढील महिन्याची तारीख कळवावी.