केळीच्या हरण्या रोगावर प्रोजेक्ट करताना कोणते मोफत डेटाबेस वापरावेत आणि कसे?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे : रावेर तालुक्यातल्या मृगबागेतून (जून-जुलैत लावलेल्या बागेतून) हरण्या झालेली ग्रँड नैन केळीची पाने आणली, विषाणूच्या कवच-प्रथिनाच्या जनुकाचा सिक्वेन्स, म्हणजे त्यातल्या बेसचा (अक्षरांचा) क्रम, करून मिळाला, कॉलेजच्या ग्रंथालयात जर्नल्स नाहीत आणि एमएस्सीचा प्रोजेक्ट पुढे न्यायचा आहे. त्यासाठी मोफत काय मिळेल आणि त्यावर विश्वास किती ठेवायचा?

लागणारे बहुतेक सगळे मोफत आहे. विद्यार्थी अडतात ते नोंद वाचता येत नाही म्हणून. जेनबँक हा अमेरिकेच्या एनसीबीआय या संस्थेचा सिक्वेन्सचा मोफत संग्रह आहे. तिथे कोणीही सिक्वेन्स जमा करू शकतो आणि नाव तोच देतो. तिथली माणसे ढोबळ चुका तपासतात, पण तुमच्यासारखाच एखादा विद्यार्थी घाईत चुकीचे नाव देऊन गेला तर ती नोंद वर्षानुवर्षे तशीच राहू शकते. म्हणून प्रत्येक नोंदीला विचारायचे, ही कोणी टाकली आणि कशाच्या आधारावर?

आधी नावाचे बघू. 'हरण्या' हा शब्द रावेर-यावलच्या प्रत्येक शेतकऱ्याला कळतो, पण शोधनिबंधांत तो सापडणार नाही. तिथे तो विषाणूच्या नावाने येतो : कुकुंबर मोझॅक व्हायरस, थोडक्यात सीएमव्ही. जुन्या लिखाणात केळीवरच्या याच रोगाला इन्फेक्शियस क्लोरोसिस किंवा हार्ट रॉट म्हटले आहे. पबमेडमध्ये, म्हणजे शोधनिबंधांच्या मोफत सूचीत, ही तिन्ही नावे इंग्रजी स्पेलिंगने, प्रत्येक अवतरण चिन्हात घालून, मध्ये 'ऑर' लिहून एका कंसात टाका. मग 'अँड' लिहून दुसऱ्या कंसात 'बनाना ऑर म्युसा' (म्युसा हे केळीचे शास्त्रीय नाव) द्या. ऑर आणि अँड कॅपिटल अक्षरांतच लिहायचे.

पबमेडमध्ये साडेतीन कोटींहून जास्त नोंदी असल्या तरी त्याचा कल वैद्यकाकडे आहे. आपल्याकडची कितीतरी कृषी जर्नल्स त्यात नाहीत. तिथे चार निबंध सापडले म्हणून 'या विषयावर काम झालेले नाही' असे प्रस्तावनेत लिहू नका. तोच शोध संयुक्त राष्ट्रांच्या एफएओच्या ॲग्रिस या कृषी सूचीत घ्या, शोधगंगेत (भारतीय विद्यापीठांच्या प्रबंधांच्या संग्रहात) घ्या, आणि कृषिकोशमध्ये तर नक्कीच घ्या. कृषिकोशात कृषी विद्यापीठांचे प्रबंध आहेत. छापील निबंधात दोन ओळींत उरकलेली पद्धत प्रबंधात पानभर असते : प्रायमरचा सिक्वेन्स, बफरचे प्रमाण, पीसीआरची तापमाने, सगळे.

पूर्ण मजकुरासाठी पबमेड सेंट्रल आणि युरोप पीएमसी हे निबंधांचे मोफत संग्रह बघा. पबमेडच्या डाव्या पट्टीत 'फ्री फुल टेक्स्ट' अशी चाळणीही आहे. जर्नल्स वाचायला देणारी केंद्राची 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजना १ जानेवारी २०२५ पासून सुरू आहे आणि ती सरकारी उच्चशिक्षण व संशोधन संस्थांसाठी आहे. तुमचे कॉलेज तिच्यात बसत नसेल तर जळगावला विद्यापीठाच्या ग्रंथालयात चौकशी करा. तरीही निबंध मिळाला नाही, तर त्यावर ज्या लेखकाचा पत्ता दिलेला असतो त्याला दोन ओळींचा ईमेल लिहा. बरेच जण पीडीएफ पाठवतात.

आता मुख्य काम, जेनबँक. जपानची डीडीबीजे आणि युरोपची ईएनए या तशाच संग्रहांची जेनबँकेशी रोज देवाणघेवाण होते, त्यामुळे तिन्हीकडे वेगवेगळे शोधत बसू नका. शोधताना साध्या शब्दांवर विसंबलात तर काकडी, मिरची, टोमॅटोवरचे सगळे पुढ्यात येते. त्याऐवजी टॅक्सॉनॉमी क्रमांक, म्हणजे एनसीबीआयने सीएमव्हीला दिलेला ओळख क्रमांक, १२३०५ वापरा. विषाणूंची अधिकृत नावे अलीकडे बदलत आहेत, क्रमांकाने शोधले की त्या गोंधळातून सुटका होते. त्याला 'म्युसा' जोडा आणि लांबीची चाळणी ६०० ते ७०० लावा.

समोर आलेली एक नोंद उघडून सावकाश वाचा. पहिल्या ओळीत लांबी आणि तारीख. त्याखाली वर्णन, त्यात शेवटी 'कम्प्लीट सीडीएस' (प्रथिनाचा पूर्ण भाग) आहे की 'पार्शल' (अर्धवट) हे बघा. मग ॲक्सेशन क्रमांक, म्हणजे नोंदीचा क्रमांक, त्यामागे टिंब आणि १ किंवा २. हा आवृत्तीचा आकडा आहे. सिक्वेन्स दुरुस्त झाला की तो वाढतो, म्हणून प्रबंधात टिंबासकट लिहायचा. खाली फीचर्समध्ये होस्ट (विषाणू कोणत्या झाडावर मिळाला), आयसोलेट (नमुन्याचे नाव), ठिकाण, नमुना घेतल्याची तारीख. होस्ट रिकामा असेल तर ती नोंद केळीच्या तुलनेत वापरू नका. पूर्ण कवच-प्रथिन ६५७ बेसचे आणि २१८ अमिनो आम्लांचे असते : २१८ गुणिले ३ म्हणजे ६५४, अधिक प्रथिन संपल्याची खूण असलेले, थांब्याचे ३. अमिनो आम्लांत केलेले भाषांतर मध्येच ताऱ्याच्या (म्हणजे थांब्याच्या) खुणेवर तुटत असेल तर सिक्वेन्समध्ये एखादा बेस गळला आहे किंवा जास्तीचा घुसला आहे. तुमच्या स्वतःच्या सिक्वेन्सलाही हीच कसोटी लावा.

ब्लास्ट करण्याआधी, म्हणजे तुमचा सिक्वेन्स डेटाबेसमधल्या सिक्वेन्सशी ताडून बघण्याआधी, क्रोमॅटोग्राम (सिक्वेन्सिंग यंत्राने काढलेला शिखरांचा आलेख) उघडून बघाच. सुरुवातीचे ३० ते ५० बेस अस्पष्ट असतात, ते कापा. शेवटी शिखरे पसरट झाली की तिथेही कापा. एका जागी दोन शिखरे असतील तर मनाने एक अक्षर निवडू नका, एन लिहा. उलट दिशेने वाचलेला तुकडा (रीड) रिव्हर्स कॉम्प्लिमेंट करूनच, म्हणजे क्रम उलटवून आणि प्रत्येक बेसच्या जागी त्याचा जोडीदार लिहूनच जोडायचा. बहुतेकांचे इथेच चुकते आणि मग 'जुळतच नाही' म्हणून डोके धरून बसतात. फाइल वर्डमध्ये करू नका, नोटपॅडमध्ये साध्या टेक्स्टमध्ये ठेवा. पहिल्या ओळीत मोठेपणाचे चिन्ह (>) आणि जागा न सोडता नाव, खालच्या ओळीपासून सिक्वेन्स.

ब्लास्टच्या निकालात सगळ्यांची नजर आधी ई-व्हॅल्यूवर जाते. ती ०.० दिसली म्हणजे सिक्वेन्स तंतोतंत जुळला असे नाही. एवढ्या मोठ्या डेटाबेसमध्ये इतके गुण निव्वळ योगायोगाने किती वेळा मिळाले असते, एवढेच ती सांगते. खरे बघायचे ते क्वेरी कव्हरेज (तुमच्या सिक्वेन्सचा किती भाग ताडला गेला) आणि आयडेंटिटी (त्या भागात किती बेस सारखे), दोन्ही एकत्र. आयडेंटिटी ९९ टक्के पण कव्हरेज २० टक्के असेल, तर तुमच्या ६५० पैकी फक्त १३० बेसचा भाग ताडला गेला आहे. बाकीचे काय आहे ते शोधा. सीएमव्हीचे दोन मोठे उपगट आहेत आणि त्यांच्यात साधारण ७५ टक्केच साम्य असते. कुठल्या उपगटाशी तुमचा नमुना नव्वदीच्या पुढे जुळतो, ते नोंदवा. आणि पहिला हिट (जुळलेली नोंद) म्हणजे उत्तर नव्हे. वरचे दहा-पंधरा हिट बघा. चौदा एक नाव सांगतात आणि एकच वेगळे सांगतो, तर तो एक संशयित. निकालाचे पान एनसीबीआय कायमचे ठेवत नाही, म्हणून तक्ता त्याच दिवशी डाउनलोड करा आणि तारीख लिहा. काम सकाळी करा : आपल्याकडे दहा वाजतात तेव्हा अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर मध्यरात्रीचा सुमार असतो आणि सर्व्हरवर गर्दी कमी असते.

एक गोष्ट केळीवाल्यांनी विशेष जपायची. बनाना स्ट्रीक व्हायरसची लक्षणे हरण्यासारखीच दिसतात, आणि त्याचे तुकडे 'बी' जीनोम (केळीच्या 'ए' आणि 'बी' या दोन मूळ वंशांतला एक) असलेल्या केळीच्या गुणसूत्रांतच बसलेले असतात. त्यामुळे डीएनएवर पीसीआर केला की झाड निरोगी असूनही पट्टी दिसू शकते. सीएमव्ही आरएनए विषाणू आहे, तिथे आधी आरएनएपासून सीडीएनए (आरएनएची डीएनए प्रत) करावा लागतो. तुमचे ग्रँड नैन 'ट्रिपल ए' गटातले, म्हणजे 'बी' जीनोम नसलेले, आहे म्हणून धोका कमी, पण निरोगी झाडाचा कंट्रोल घेतल्याशिवाय निष्कर्ष लिहू नका.

प्रथिनाबद्दल लिहायचे असेल तर युनिप्रोट या प्रथिनांच्या डेटाबेसमध्ये सोनेरी खूण असलेल्या, म्हणजे माणसाने तपासलेल्या नोंदी आधी घ्या. बाकीच्या यंत्राने लावलेल्या असतात. रचनेसाठी थेट पीडीबीत, म्हणजे प्रयोगातून काढलेल्या प्रथिनरचनांच्या संग्रहात जा. अल्फाफोल्डच्या (संगणकाने वर्तवलेल्या रचनांच्या) मूळ संग्रहात २० कोटींहून जास्त प्रथिने असली तरी विषाणूंची त्यात घेतली नव्हती. सीएमव्हीच्या कणाची प्रयोगातून काढलेली रचना पीडीबीत आहे.

झाड, म्हणजे फायलोजेनी (सिक्वेन्सच्या नातेसंबंधांची वंशावळ), मेगा या मोफत सॉफ्टवेअरमध्ये होते. आधी अलाइनमेंट (सिक्वेन्स एकाखाली एक जुळवणे), मग सगळे सिक्वेन्स एकाच लांबीला कापणे, बूटस्ट्रॅप (झाडाच्या फांद्या किती पक्क्या आहेत याची फेरतपासणी) १००० वेळा. तुलनेसाठी बाहेरचा गट म्हणून टोमॅटो ॲस्पर्मी व्हायरस किंवा पीनट स्टंट व्हायरस ठेवा, दोन्ही सीएमव्हीच्याच वंशातले आहेत.

शेवटी तुमचा सिक्वेन्स जेनबँकेत जमा करा. बँकइट या फॉर्मने तो जातो, पैसे लागत नाहीत, आणि निबंध छापेपर्यंत नोंद रोखून ठेवायची सोयही आहे. ठिकाण आणि नमुन्याची तारीख तिथे विचारतात. म्हणून पान तोडतानाच वहीत लिहून ठेवा : गाव, तारीख, वाण, मृगबाग की कांदेबाग (सप्टेंबर-ऑक्टोबरची लागवड), टिश्यूकल्चरची रोपे की कंद, शेजारी काकडीवर्गीय पीक होते का, मावा दिसला का. यातले पहिले दोन फॉर्मसाठी लागतील. बाकीचे वहीत नसेल, तर एकाच शिवारातल्या दोन बागांमध्ये वेगळे सिक्वेन्स का आले हे सहा महिन्यांनी तुम्हाला सांगता येणार नाही.