एफसी गोवा या फुटबॉल क्लबचा स्ट्रायकर कोरो स्पेनमध्ये फारसा कुणी नव्हता, म्हणून इकडे एवढे गोल करू शकला का?

अजिबात नाही. फेरान कोरोमिनास उर्फ कोरो बार्सिलोनातल्या एस्पान्योल क्लबच्या अकादमीत घडला आणि कित्येक वर्षं ला लीगा, म्हणजे स्पेनची अव्वल लीग, खेळला. २००६ च्या कोपा देल रे या स्पेनच्या बाद फेरीच्या चषकाच्या अंतिम सामन्यात एस्पान्योलने सारागोसाला ४-१ हरवलं, त्यात एक गोल त्याचा. पण बार्सिलोनातले एस्पान्योलवाले त्याला ओळखतात ते त्याच वर्षीच्या मे महिन्यामुळे. लीगचा शेवटचा दिवस, समोर रेआल सोसिएदाद, जिंकलं नाही तर खालच्या श्रेणीत जायची वेळ. नव्वद मिनिटं उलटून गेली तरी ०-० आणि भरपाई वेळेत कोरोचा गोल! क्लब वाचला. पुढच्या वर्षी हाच संघ यूएफा कप या युरोपातल्या क्लबांच्या स्पर्धेच्या अंतिम फेरीत सेवियाकडून पेनल्टीवर हरला.

हे खरं, की तो दरवर्षी वीस गोल मारणारा स्ट्रायकर तिथे कधीच नव्हता. बऱ्याचदा विंगवर खेळायचा. नंतर ओसासुना, जिरोना, एल्चे, मायोर्का हे स्पॅनिश क्लब, मग सायप्रस.

२०१७ मध्ये चौतिसाव्या वर्षी गोव्यात आला तेव्हा प्रशिक्षक लोबेरांनी त्याला थेट गोलसमोर ठेवलं. गोव्याच्या घरच्या मैदानावर, फातोर्ड्यावर, बेंगळुरू आणि केरळविरुद्ध लागोपाठ दोन हॅटट्रिक. पहिल्या मोसमात १८ गोल, दुसऱ्यात १६, दोन्ही वेळा सर्वाधिक गोलांसाठीचा गोल्डन बूट. आयएसएलमध्ये (इंडियन सुपर लीग) एकूण ५७ सामन्यांत ४८ गोल. लीग सोपी होती म्हणणाऱ्यांनी त्याच काळात आलेल्या इतर परदेशी स्ट्रायकरांचे आकडे काढून बघावेत.