कोणाला कळणारच नसेल तर न्यायाने का वागायचं?

या प्रश्नावर लिहिताना तुम्ही ग्रीक तत्त्वज्ञ प्लेटोच्या पुस्तकातली ती गायजीसच्या अंगठीची गोष्ट घेतलीय, मेंढपाळ अंगठीचा खडा आत फिरवतो, दिसेनासा होतो, राजाला मारून राज्य घेतो, आणि तुमचं म्हणणं की अशी अंगठी असून न्यायाने वागणारा येडाच. ती अंगठी माझ्या बोटात 11 वर्षं होती म्हणून लिहितोय.

देवगडकडे आमची सामायिक हापूसची बाग, सातबाऱ्यावर 9 नावं, राखणारा मी एकटा, बाकी सगळे मुंबईला. वाशीला पेट्या जातात त्याची दलालाकडून पट्टी (विक्रीचा लेखी हिशोब) येते, तिथे लपवायला काही नाही, पण शेवटचा डागी, बारका माल कॅनिंगला (रस काढून डबाबंद करणाऱ्या कारखान्याला) किलोवर जातो, टेम्पो दारात, पैसे रोख, किती क्रेट गेले ते मला नि टेम्पोवाल्याला ठाऊक. मी सगळं वहीत लिहायचो, खत-फवारणी-मजुरी वजा करून वाटे घालायचो, आणि वाटे घालणाऱ्याने शेवटी उचलायचं ही वडिलांची पद्धत म्हणून माझा वाटा मागाहून. एका वर्षी थ्रिप्स किडीने मोहोरच खाल्ला, निम्मा पण माल नाही. गणपतीत आरती झाल्यावर चुलतभाऊ सगळ्यांसमोर म्हणतो, "वहीत काय, काय पण लिहिता येतं." आयुष्यात फवारणीचा पंप पाठीला लावला नाही त्याने. रात्री आई म्हणाली, "खरा लिवलंस तरी चोरच म्हणतले, मगे लिवतंस कित्याक?"

पुस्तकात ही अंगठीची गोष्ट सांगतो ग्लॉकॉन (प्लेटोचाच भाऊ), त्याची पुढची अट तुम्ही सोडलीत. न्यायी माणसाला लोकांनी चोर समजायला हवं आणि चोराला सज्जन, मग विचारायचं सुखी कोण. त्याला उत्तर देताना सॉक्रेटिस म्हणतो न्याय म्हणजे मनाचं आरोग्य. असेल, पण त्या रात्री मी जागा होतो आणि चुलतभाऊ माजघरात घोरत होता.

तरी पुढच्या वर्षी कॅनिंगचे पैसे परत लिहिलेच. का, तर त्या आरतीच्या दिवशी चुलतभावाच्या डोळ्यात बघून मला कचकचीत शिवी देता आली, एक क्रेट जरी खाल्ला असता तरी ती घशातच अडकली असती.

आता माझी काजूची वेगळी कमाई होती, पोट भरत होतं, हेही खरं. ज्याचं भरत नाही त्याला मी शहाणपण शिकवणार नाही.

तुमचं पण सामायिक काही असेल तर वजनाची चिठ्ठी मागून घ्या नि लगेच व्हॉट्सअ‍ॅपवर टाका, आणि शक्य तेवढ्या लवकर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम 85 खाली वाटप करून मोकळे व्हा. आमचं 4 वर्षं अडकलंय, 8 जणांनी सह्या केल्यात, चुलतभाऊ म्हणतो आधी वही दाखव.