पर्सनल लिनक्स मशीनवर फायरवॉल शिकायची सुरुवात कुठून करावी?

तुमचा प्रश्न असा आहे की लॅपटॉपवर नुकतंच लिनक्स टाकलंय, फायरवॉल नीट समजून घ्यायची आहे, तर सरळ आयपीटेबल्सचे (फायरवॉलचे नियम लिहिण्याचं एक साधन) नियम शिकायला घ्यावेत का? माझं उत्तर: इतक्यात नको. आधी आपल्या मशीनवर कोण कोण कान लावून बसलंय ते बघा. ते न बघता लिहिलेले नियम पाठांतर होऊन राहतात.

टर्मिनलमध्ये सुडो लावून 'एसएस' ही कमांड टी, यू, एल, पी, एन हे पर्याय देऊन चालवा. बाहेरून कोणी जोडलं जाण्याची वाट पाहणारे सगळे प्रोग्रॅम पोर्टसकट, म्हणजे ते ज्या दारावर ऐकतायत त्याच्या क्रमांकासकट, दिसतील. यात पत्त्याचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. १२७.०.०.१ वर ६३१ पोर्ट दिसलं तर ती छपाईची सेवा आहे आणि ती फक्त तुमच्याच मशीनपुरती आहे, तिची काळजी नको. पण पत्ता ०.०.०.० असेल, तर तो प्रोग्रॅम नेटवर्कवरच्या कोणाचंही ऐकायला तयार आहे. असं २२ पोर्ट दिसलं आणि एसएसएच (दुसऱ्या मशीनवरून टर्मिनलने आत येण्याची सेवा) तुम्ही वापरतच नसाल, तर ती सेवाच सिस्टमसीटीएल या सेवा चालू-बंद करणाऱ्या कमांडने बंद करा. जिथे कोणी ऐकतच नाही, तिथे अडवायला काही उरत नाही. माझ्या मते फायरवॉलचं निम्मं काम इथेच होतं.

आता नियमांकडे. पाकिटं, म्हणजे नेटवर्कवरून येणारे-जाणारे डेटाचे तुकडे, अडवण्याचं खरं काम कर्नेलमधलं (लिनक्सच्या गाभ्यातलं) नेटफिल्टर करतं. आयपीटेबल्स, २०१४ मध्ये कर्नेल ३.१३ सोबत आलेलं एनएफटेबल्स, उबंटूवरचं यूएफडब्ल्यू, फेडोरावरचं फायरवॉलडी ही सगळी त्याला सूचना देण्याची साधनं. यातलं एकच निवडा, दोन एकत्र चालवू नका. उबंटूवर असाल तर यूएफडब्ल्यू घ्या. ते तिथे आधीपासून असतं, पण चालू केलेलं नसतं.

त्याचं मूळ धोरण सोपं आहे: येणारं सगळं नाकारा, जाणारं सगळं जाऊ द्या. इथे नवशिक्यांना हमखास एक शंका येते, आणि ती रास्त आहे. येणारं सगळं बंद, तर मग वेबसाइटचं उत्तर आत येतं कसं? कर्नेल प्रत्येक जोडणीची नोंद ठेवतो. तुम्ही स्वतः सुरू केलेल्या जोडणीचं उत्तर तो ओळखतो आणि आत घेतो. अडते ती बाहेरच्याने स्वतःहून सुरू केलेली नवी जोडणी. एवढं पक्कं समजलं की पुढचे नियम फार जड जात नाहीत.

नियम वरून खाली तपासले जातात आणि जो पहिला लागू पडेल तोच चालतो, म्हणून क्रम जपा. एसएसएच हवंच असेल तर सगळ्या जगाला न उघडता फक्त घरच्या नेटवर्कला उघडा, उदाहरणार्थ १९२.१६८.१.०/२४, म्हणजे १९२.१६८.१ ने सुरू होणारे सगळे पत्ते. आणि दुसऱ्या मशीनवर एसएसएचने बसून हे करत असाल, तर २२ ची परवानगी आधी द्या, फायरवॉल नंतर चालू करा.

दोन गोष्टी मात्र मुद्दाम सांगतो, कारण त्या सहज नजरेतून सुटतात. डॉकरने (प्रोग्रॅम कंटेनर नावाच्या वेगळ्या कप्प्यात चालवणारं साधन) बाहेर उघडलेलं पोर्ट यूएफडब्ल्यूच्या नियमांना जुमानत नाही. डॉकर स्वतःचे नियम घालतो, ती पाकिटं कंटेनरकडे वळवली जातात आणि यूएफडब्ल्यूच्या 'इनपुट'च्या (मशीनसाठीच आलेल्या पाकिटांच्या) वाटेने येतच नाहीत. म्हणून डॉकरला पोर्ट देताना त्या क्रमांकाच्या आधी १२७.०.०.१ लिहा. दुसरी गोष्ट फेडोरा वर्कस्टेशनची. तिथे फायरवॉल चालू असते खरी, पण तिच्या मूळ झोनमध्ये (नियमांच्या संचात) १०२५ ते ६५५३५ ही पोर्टं उघडीच असतात. 'चालू आहे' एवढं वाचून थांबू नका, झोनमध्ये काय काय आहे ते बघा. शिवाय तिथे 'परमनंट' न लावता दिलेला नियम रीबूटनंतर राहत नाही.

मग तपासणी, आणि ती दुसऱ्या मशीनवरून. स्वतःच्या मशीनवरून स्वतःचाच पत्ता तपासला तर पाकिटं लूपबॅकवरून (मशीनच्या स्वतःशीच बोलायच्या आतल्या रस्त्यावरून) फिरतात, आणि तो रस्ता मोकळाच ठेवलेला असतो. दुसऱ्या लॅपटॉपवरून एनमॅप हे पोर्टं तपासणारं साधन चालवा. 'ओपन' म्हणजे तिथे कोणीतरी उत्तर देतंय. 'क्लोज्ड' म्हणजे मशीनपर्यंत पोचलात, पण तिथे कोणी ऐकत नाही. 'फिल्टर्ड' म्हणजे बहुधा फायरवॉलने पाकीट गिळलं. मशीनच्या आयपीव्ही६ च्या (नव्या, लांब प्रकारच्या) पत्त्यावरही हेच करून बघा, बरेच जण ते विसरतात.

एवढं झालं की 'एनएफटी लिस्ट रूलसेट' ही कमांड चालवा. यूएफडब्ल्यूला तुम्ही दिलेल्या एका ओळीचं कर्नेलमध्ये काय झालं ते तिथे दिसतं. यादी लांबलचक असते. त्यात 'इस्टॅब्लिश्ड' शब्द असलेली ओळ शोधा, वेबसाइटचं उत्तर आत घेणारी ओळ तीच, आणि तिथून एकेक नियम उलगडत जा. आयपीटेबल्स किंवा एनएफटेबल्स शिकायला घ्यायची वेळ ही.