निदान पक्कं होईपर्यंत, आणि झाल्यावर

प्रश्न : माझे मिस्टर (वय ३८) दरवर्षी मंडळाच्या गणपतीतल्या शिबिरात रक्त देतात. यंदा आठवड्याभरानं रक्तपेढीतून फोन आला, "भाई, रिपोर्टमां कांईक आव्युं छे, रूबरू आवी जाव." गेल्यावर खिडकीतल्या माणसानं रांगेतल्या लोकांदेखत चिठ्ठी हातात दिली. एचआयव्हीच्या पुढे 'रिअॅक्टिव्ह' लिहिलंय. तेव्हापासून ते स्वतःचं ताट-पेला वेगळं ठेवतात, लेकीला जवळ घेत नाहीत, बाहेरच्या खोलीत झोपतात. सासूबाई विचारतात, भांडलात का? मी अजून त्यांना काही विचारलं नाही, पण मनात नको नको ते येतं. दीर म्हणतात, आधी दोन-तीन खासगी लॅबमध्ये करून बघू, सरकारीत मग जाऊ. काय करावं?
– एक भगिनी, दांडिया बाजार, बडोदे

उत्तर : ताई, सगळ्यात आधी लेकीला बापाजवळ जाऊ द्या. आजच. ताटानं, पेल्यानं, टॉवेलानं, एका बाथरूमनं, कुशीत घेतल्यानं एचआयव्ही लागत नाही. ज्यांचं निदान पक्कं झालंय त्यांच्याकडूनही असा लागत नाही, आणि तुमच्या मिस्टरांचं तर निदान अजून झालेलंच नाही.

'रिअॅक्टिव्ह' म्हणजे तपासणीच्या किटनं काहीतरी पकडलं, एवढंच. रक्तपेढीतली तपासणी पिशवीसाठी असते. दान केलेली प्रत्येक पिशवी एचआयव्ही, हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी, सिफिलिस आणि मलेरिया या पाचांसाठी तपासणं आपल्याकडे सक्तीचं आहे. ती पिशवी थॅलेसेमियाच्या एखाद्या पोराला चढायची असते, नाहीतर अडलेल्या बाळंतिणीला. म्हणून किट असं वापरतात की दूषित रक्त निसटू नये. जराशी शंका आली तरी पिशवी बाद. ते तसंच हवं. पण रोगाशी लढायला शरीर जी प्रथिनं बनवतं, त्या अँटिबॉडी हे किट शोधतं, आणि कधी कधी भलत्याच अँटिबॉडीलाही पकडतं. नुकताच होऊन गेलेला दुसरा आजार, एखादी लस, ऑटोइम्यून आजार, बायकांच्या बाबतीत गरोदरपण, कारणं बरीच असतात. कित्येकदा कारण सापडतच नाही.

कागद-पेन्सिल घेऊन हिशेब करा. भारतात मोठ्या माणसांत एचआयव्हीचं प्रमाण साधारण ०.२ टक्के, म्हणजे हजारात दोन. दहा हजार जणांनी रक्त दिलं तर त्या प्रमाणानं २० जणांना खरी लागण असेल. आता समजा, किट हजार निरोगी माणसांत पाच जणांना चुकून धरतं. म्हणजे जवळजवळ ५० माणसं विनाकारण धरली गेली. फोन गेले सत्तर जणांना, आणि त्यातल्या पन्नास जणांना काहीच झालेलं नाही. पाचाचा आकडा मी समजावण्यापुरता घेतलाय, पण विरळ आजाराची चाळणी लावली की हे असंच होतं. शिवाय तुमचे मिस्टर दरवर्षी रक्त देतात. गेल्या वर्षीच्या पिशवीत काही दिसलं असतं तर फोन तेव्हाच आला असता. यंदा काही निघणारच नाही असा शब्द मी देणार नाही. तपासणी पुरी झालेली नाही, एवढंच आज खात्रीनं म्हणता येतं.

ती पुरी होते आयसीटीसीत, म्हणजे एचआयव्हीच्या समुपदेशन आणि तपासणीच्या सरकारी केंद्रात. आपल्याकडे सयाजी हॉस्पिटलमध्ये, एसएसजीत, हे केंद्र आहे. तपासणी फुकट असते. आधी समुपदेशक बोलतात, संमती घेतात, मग शिरेतून रक्त. ते पहिल्या किटवर निगेटिव्ह आलं तर काम तिथेच संपतं. रिअॅक्टिव्ह आलं तर तेच रक्त दुसऱ्या आणि तिसऱ्या किटवर घालतात. तिन्ही किट वेगवेगळी असतात, म्हणजे एकाला जो चकवा बसला तो दुसऱ्याला बसण्याची शक्यता फार कमी. तिन्ही रिअॅक्टिव्ह आली तरच पॉझिटिव्ह म्हणतात. दुसरं आणि तिसरं दोन्ही निगेटिव्ह आली तर निगेटिव्ह. मधलंच काही आलं तर दोन ते चार आठवड्यांनी परत बोलावतात. निकाल बहुधा त्याच दिवशी मिळतो.

दिरांना माझा निरोप द्या : आधी खासगी लॅब नको. एकीकडे एक किट, दुसरीकडे दुसरं, तिसरीकडे परत पहिलंच. घरात तीन कागद होतात आणि माणूस त्यातला हवा तो कागद धरून बसतो. मी अशाच केंद्रात समुपदेशक म्हणून काम केलंय. निगेटिव्ह कागद मिळेपर्यंत लॅब पालथ्या घालणारी माणसं माझ्यासमोर बसलीयत. काहींचं अख्खं वर्ष त्यात गेलं, आणि अखेर आली ती टीबी घेऊन. खोटा पॉझिटिव्ह जितका छळतो, तितकंच खऱ्या पॉझिटिव्हपासून पळणंही माणसाचं नुकसान करतं. एकाच ठिकाणी जा, जिथं तिन्ही किट आहेत.

रांगेदेखत चिठ्ठी दिली, हे वाचून मला संताप आला. एचआयव्ही कायदा २०१७ साली झाला आणि १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. एखाद्याच्या एचआयव्हीची माहिती गुप्त ठेवणं त्यात बंधनकारक आहे, आणि या कारणावरून नोकरीत, शाळेत, दवाखान्यात भेदभाव करायला मनाई आहे. रक्तदात्याला आत बसवून, दार लावून, सावकाश सांगायचं आणि आयसीटीसीला पाठवायचं, ही रीत आहे. सेवा म्हणून रक्त द्यायला आलेल्या माणसाला खिडकीतून असं हाकलायचं नसतं. त्या रक्तपेढीच्या डॉक्टरांना लेखी कळवा. मोकळेपणानं बोलायला कोणी हवं असेल तर १०९७ हा सरकारी फोन नंबर आहे, तिथे नाव सांगावं लागत नाही.

आता मनातलं. मनात येतं ते येणारच, त्यात तुमचा दोष नाही. पण रिपोर्ट, अगदी पक्का झालेला रिपोर्टसुद्धा, लागण कधी झाली आणि कशी झाली हे सांगत नाही. आणि मी अशीही घरं पाहिलीत जिथं शेवटी निकाल निगेटिव्ह आला, पण वाट बघायच्या त्या चार दिवसांत नवरा-बायको एकमेकांना जे बोलले ते तसंच राहिलं. बाई माहेरी निघून गेलेली, सासऱ्यानं मुलाला "तोंड दाखवू नकोस" म्हटलेलं. निगेटिव्हचा कागद दाखवून ते शब्द मागे घेता आले नाहीत. विचारायचं असेल ते निकालानंतर विचारा, समुपदेशकासमोर विचारा. तोवर शरीरसंबंधात निरोध वापरा आणि त्यांनी रक्त देऊ नये. बाकी घर चालतं तसं चालू द्या. सासूबाईंना आज काही सांगायची गरज नाही. "तब्येतीची एक तपासणी आहे" एवढं पुरे, आणि ते खोटंही नाही.

केंद्रात त्यांच्यासोबत तुम्ही जा. पॉझिटिव्ह म्हटल्यावर माणसाला पुढचं ऐकू येत नाही. मी समोर पाणी ठेवून बोलणं थांबवायचे. पहिला प्रश्न कोणता येईल याचा कधी अंदाज बांधता आला नाही. एका गृहस्थांनी विचारलं, "उद्या घरची पूजा आहे, मी बसू का?" दुसऱ्या एकानं दुकानाच्या हप्त्याचं विचारलं. एका बाईंनी काहीच न विचारता पदरानं माझं टेबल पुसलं. पुढची तारीख, खोली, मजला, सोबत काय आणायचं, हे मी मोठ्या अक्षरात लिहून द्यायचे, कारण ऐकलेलं जिन्यापर्यंतसुद्धा टिकत नसे. म्हणून शेजारी दुसरे कान हवेत.

आणि निदान पक्कंच झालं तर? उपचार लगेच सुरू होतात. २०१७ पासून आपल्या सरकारी कार्यक्रमात सीडी-४ (रक्तातल्या प्रतिकार करणाऱ्या पेशींचा आकडा) कितीही असो, प्रत्येकाला एआरटी, म्हणजे एचआयव्हीला दाबून ठेवणारी औषधं देतात, मोफत. बहुतेकांना रोज एक गोळी, तिच्यात तीन औषधं. रक्तातला विषाणू मोजता येणार नाही इतका खाली गेला आणि तसाच राहिला, तर जोडीदाराला शरीरसंबंधातून लागण होत नाही. गोळी नेमानं घेणारी माणसं नोकऱ्या करतात, निरोगी मुलं जन्माला घालतात, नातवंडं खेळवतात. तुमची स्वतःचीही तपासणी करावी लागेल. त्यांना लागण असली म्हणजे तुम्हाला असेलच, असं नाही; एकाला आहे आणि दुसऱ्याला नाही अशी जोडपी पुष्कळ आहेत.

निकाल काहीही येवो, मला परत लिहा.

प्रश्न : माझ्या धाकट्या बहिणीच्या (वय ४६) छातीत गाठ आहे. मॅमोग्राफीत बाय-रॅड्स ४ लिहिलंय, डॉक्टर बायॉप्सी सांगतात. घरात सगळे म्हणतात, सुई टोचली की कॅन्सर भडकतो, त्यापेक्षा सरळ गाठ काढून टाका. ती घाबरून कुठेच जायला तयार नाही.
– वाडी, बडोदे

उत्तर : सुईनं कॅन्सर भडकत नाही. ही भीती आली कुठून, तेही सांगते : पूर्वी बायका फार उशिरा यायच्या, आजार आधीच पसरलेला असायचा, सुईनंतर महिन्याभरात तो दिसू लागायचा आणि दोष सुईला जायचा.

बाय-रॅड्स ही मॅमोग्राफीच्या रिपोर्टची प्रतवारी; त्यातलं ४ म्हणजे 'संशयास्पद'. या गटात कॅन्सर निघण्याची शक्यता २ टक्क्यांपासून ९५ टक्क्यांपर्यंत कुठेही असू शकते, म्हणून तर त्याचे ४ए, ४बी, ४सी असे भाग केलेत. ४ए असेल तर शक्यता दहा टक्क्यांच्या आत. बहिणीच्या रिपोर्टवर कोणतं अक्षर आहे ते आधी बघा. पण नुसत्या फोटोवर निदान होत नाही, गाठीचा तुकडाच बघावा लागतो. जागा बधिर करून जाड सुईनं तो काढतात, त्याला कोअर बायॉप्सी म्हणतात. कॅन्सर निघालाच तर त्याच तुकड्यावर ईआर, पीआर आणि हर-२ या, कॅन्सर कोणत्या प्रकारचा आहे ते सांगणाऱ्या तपासण्या होतात, आणि ऑपरेशन आधी की औषधं आधी हे त्यावर ठरतं. न तपासता गाठ काढली तर साधी गाठ असताना उगाच कापाकापी होऊ शकते, किंवा कॅन्सर असताना अपुरं ऑपरेशन. दुसरं परवडतच नाही.

बायॉप्सीनंतर कागदाबरोबर स्लाइड (तुकड्याच्या काचपट्ट्या) आणि तो तुकडा बसवलेला मेणाचा ब्लॉकही मागून घ्या. दुसरं मत घ्यायचं झालं, अहमदाबादच्या जीसीआरआय या कॅन्सर रुग्णालयात किंवा मुंबईला टाटाला जायची वेळ आली, तर तिथे तेच मागतात. परत सुई टोचायची वेळ बहुतेक येत नाही. ब्लॉक उन्हात, गाडीच्या काचेजवळ ठेवू नका, मेण वितळतं.

रिपोर्ट यायला काही दिवस लागतात. तिला एकटीला घरी बसवू नका आणि "काही नाही निघणार बघ" असंही सारखं म्हणू नका. ते तुम्हाला माहीत नाही, आणि तिलाही कळतं की तुम्हाला माहीत नाही. सोबत भाजी निवडा, बाजारात जा, तिला रडायचं असेल तर रडू द्या.

प्रश्न : बाबांचं (वय ७४) फुप्फुसाच्या कॅन्सरचं निदान बायॉप्सीनं पक्कं झालं. आम्हा भावंडांचं ठरलंय की त्यांना 'इन्फेक्शन आहे' असंच सांगायचं. केमो सुरू व्हायची आहे. हे बरोबर आहे ना?
– प्रतापनगर, बडोदे

उत्तर : तुमच्या मनात माया आहे, ती मला दिसते. तरी मी याला हो म्हणणार नाही. केमोच्या वॉर्डात आजूबाजूच्या खाटांवर कोण आहे ते बाबांना दिसणार. केस जातील, फायलीवर रुग्णालयाचं नाव असेल. पहिल्या नाही तर दुसऱ्या खेपेला त्यांना उमगेल, आणि मग तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून ते न कळल्याचं सोंग करतील. म्हातारी माणसं हे मुलांसाठी करतात. घरात सगळ्यांना माहीत आणि कोणी कोणाशी बोलत नाही, अशी अवस्था होते. बँकेचे कागद, गावच्या जमिनीचं, आईचं पुढे काय, कोणाला भेटायचं राहिलंय, हे सगळं त्यांना बोलायचं असतं आणि त्यांच्याकडून ती संधी काढून घेतली जाते.

सगळं एका बैठकीत ओतायचं, असं मात्र मी म्हणत नाही. आधी त्यांनाच विचारा, "बाबा, रिपोर्टचं डॉक्टर तुम्हाला सांगतील, की आम्ही ऐकून ठेवू?" काही जण खरंच म्हणतात, तुम्हीच बघा, तो त्यांचा निर्णय, तो माना. बहुतेक जण विचारतात. विचारलं तेवढं खरं सांगा, न विचारलेलं लादू नका. किती दिवस उरले, या प्रश्नाला आकडा देऊ नका, तो डॉक्टरांनाही नक्की देता येत नाही. आणि केमोच्या संमतीपत्रावर सही त्यांची असणार आहे. कशासाठी सही करतोय हे त्यांना माहीत हवं, म्हणून हे बोलणं पहिल्या केमोच्या आधी उरकून घ्या. डॉक्टरांना आदल्या दिवशी फोन करून सांगून ठेवा की बाबांना अजून माहीत नाही, म्हणजे ते घाईत बोलून जाणार नाहीत.